कॅप्रीसमागे कॅम्पर लावण्याआधी

गेल्या जुलैत अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० या महामार्गाने पश्चिमेला निघालो होतो. गाडी १९७६ची शेव्हरोले कॅप्रीस इस्टेट, मागे सतरा फुटी, एकाच आसाचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर. आयडाहो स्प्रिंग्ज यायच्या जरा आधी एका डाव्या वळणावर, तिसऱ्या रांगेत मागे वळून बसलेली मुलगी म्हणाली, “बाबा, कॅम्परचं चाक डुलतंय.” थांबून पाहिलं तर डाव्या चाकाच्या पाच नटांपैकी दोन गायब. तिसरा नुसत्या बोटांनी फिरत होता. रिमची गोल भोकं लांबट झाली होती आणि त्यांच्या कडा घासून चकचकीत दिसत होत्या. डावी बाजू, म्हणजे हातभर अंतरावरून ट्रक जात होते त्या बाजूला मी गुडघ्यावर बसलो होतो आणि पोरगी गाडीत रडत होती.

आदल्या रविवारी बेअरिंग काढून ग्रीस भरलं होतं. चाकं मीच परत बसवली, नट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने, मोजून आवळले. तिथवर सगळं बरोबर होतं. पण निघाल्यावर ते पुन्हा आवळले नाहीत. आवळायचं म्हटलं असतं तरी रेंच घरी गराजच्या खुंटीवर होता.

म्हणून ही यादी रेंचपासून सुरू करतोय. टॉर्क रेंच आणि नटाच्या मापाचा सॉकेट आत्ता उठून गाडीत ठेवा, बाकीचं मग वाचा.

चाक एकदा काढून बसवलं की रिम आणि ड्रम यांच्यामध्ये रंग, गंज, कचरा असं काहीतरी राहतंच. गाडी चालली की ते दबतं, आणि दबलं की नटावरचा ताण जातो. शिवाय कॅम्परचं चाक वळणावर आडवं फरफटतं, मोटारीच्या चाकापेक्षा कितीतरी जास्त. अर्ध्या इंची स्टडला, म्हणजे नट चढतो त्या बोल्टला, नट समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळायचे: आधी २०-२५ फूट-पाउंड, मग ५०-६०, शेवटी ९० ते १२०च्या दरम्यान, तुमच्या रिमसाठी जो आकडा दिला असेल तो. हवेच्या बंदुकीने ठोकून मोकळं होऊ नका. मग दहा मैलांवर थांबून पुन्हा, पंचवीसला पुन्हा, पन्नासला पुन्हा. डेन्व्हरहून निघालात तर गोल्डनजवळ, मग आयडाहो स्प्रिंग्जच्या अलीकडे, मग जॉर्जटाउनला. दर वेळी पाच मिनिटं लागतात. घाई आहे, ऊन आहे, मुलं कंटाळलीत, यातलं काहीही कारण चालणार नाही.

आता गाडी. ऑइल, पाणी, पट्टे, होझ हे तुम्ही बघालच. या जुन्या मोठ्या गाड्या ओढायला चांगल्या, कारण त्यांना खाली वेगळी चासी असते. १९७१ ते ७६च्या शेव्हरोलेच्या स्टेशन वॅगनना मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत आणि १२५ इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, आहे. माझ्या गाडीत ४०० घन इंचांचं व्ही-८ आहे. पण हिच, म्हणजे कॅम्पर जोडायची गाडीमागची लोखंडी जोडणी, चासीलाच बोल्ट केलेली हवी. बंपरला लटकवलेली जुनी हिच दिसली तर ती काढून टाका, तिच्यावर चर्चा नको.

गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर बसवा, रेडिएटरच्या टाकीतून तेल बाहेर पडल्यावर लागेल असा. चढावर गिअरबॉक्स मरतो तो उष्णतेने. पट्टी ओढून बघा: तेल लाल हवं. तपकिरी असेल आणि जळका वास येत असेल तर डोंगराचं नाव काढू नका. दुसरं, डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजारांच्या वर. कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्के घटते, म्हणजे घरी जेवढी ताकद होती तिच्यातली पाचवा-सहावा हिस्सा बोगद्यापर्यंत गेलेली असते. मागून येणाऱ्यांना येऊ द्या. उजव्या लेनमध्ये दुसऱ्या गिअरवर सावकाश चढा.

वजनात मात्र अंदाज चालत नाही. कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. कमी आला तर कॅम्पर शेपटीसारखा हलायला लागतो. जास्त आला तर गाडीचं नाक वर उठतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. माझा कॅम्पर सामानासकट ३,२०० पाउंड, म्हणजे हिचवर ३२० ते ४८०. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. तीन फुटांच्या अंतरावर एका बाजूला वीट, दुसऱ्या बाजूला काटा, वर जाड फळी. कॅम्परचा जॅक फळीवर विटेपासून एक फुटावर टेकवायचा आणि काट्यावर येईल त्याला तीनने गुणायचं. माझं पहिल्यांदा ८० आलं, म्हणजे २४०. पाण्याचे डबे आणि लोखंडी तवे मागच्या कपाटात होते. ते आसाच्या जरा पुढे हलवले आणि काटा १२५ वर गेला.

भार बरोबर असला तरी जुन्या गाडीची मागची बाजू बसतेच. त्यासाठी वजन वाटणारी हिच घ्या, दोन लांब स्प्रिंगच्या दांड्यांची. कॅम्पर लावायच्या आधी पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा, आणि लावल्यावर दांड्या अशा ताणा की ती उंची जवळजवळ परत येईल.

बॉल, म्हणजे हिचवरचा लोखंडी गोळा, आणि त्यावर बसणारा कॅम्परचा कपलर, दोन्हींचं माप बघा. दोन इंची बॉलवर २ ५/१६ इंचांचा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात उडतो. कपलर बंद करून पिन घातली की कॅम्परचा जॅक थोडा वर फिरवा. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली तर पकड खरी. साखळ्या खालून एकमेकींवर फुली करून, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो. आपत्कालीन ब्रेकची तार, म्हणजे कॅम्पर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी, साखळीला नाही, गाडीच्या हिचला स्वतंत्र अडकवा. त्या ब्रेकची छोटी बॅटरी चार्ज आहे ना? पिन ओढून बघा, कॅम्परची चाकं अडकली पाहिजेत.

ब्रेकचं पुन्हा सांगतो. गाडीला पुढे डिस्क आहे, मागे ड्रम, आणि तिचं स्वतःचं वजनच पाच हजार पाउंडांच्या घरात. कॅम्परने स्वतःला स्वतः थांबवायचं असतं. म्हणून कॅम्परच्या विजेच्या ब्रेकचा कंट्रोलर डॅशखाली, हात न वाकवता पोहोचेल असा हवा. रिकाम्या मैदानात वीस मैलांच्या वेगाने जाऊन फक्त त्याच्या खटक्याने थांबून बघा. कॅम्पर हलायला लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि तो खटका दाबायचा. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. शरीराला ही सवय नसते, तेव्हा मैदानातच चार-पाच वेळा करा.

दिवे: या गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बचे, त्यामुळे कॅम्परची जोडणी सोपी जाते. फक्त फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, जड भाराचा घाला, नाहीतर जास्तीच्या बल्बांनी इंडिकेटर घाईघाईत लुकलुकतो. बाजूचे लांब आरसे लावा, त्यांच्याशिवाय निघू नका.

टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा: आठवडा आणि वर्ष. नक्षी नवी दिसते म्हणून जुना टायर ठेवू नका. कॅम्परच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते. टायर बघायला वाकलाच आहात तर नटांवर रंगाची एक उभी रेघ मारा, नटावरून रिमवर उतरणारी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लांबूनही कळतं. पण रेघ जुळतेय म्हणून रेंच लावायचा टाळू नका. नट जागेवरून न हलताही ताण जाऊ शकतो. दहा, पंचवीस, पन्नास.

निघताना गॅसचा व्हॉल्व बंद, छताची झडप बंद, पायरी वर, फ्रिजच्या दाराला कडी.

प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबजवळ हात न्या, चिकटवू नका. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, पुढे जायचं नाही. आणि रेंच हातात आहेच, तो लावा.

बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा उतार सात टक्क्यांपर्यंतचा, सुमारे आठ मैलांत दोन हजारांहून जास्त फूट खाली. वरच दुसरा गिअर टाका, वेग वाढल्यावर नाही. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडायचा, सतत पाय ठेवून घासत न्यायचा नाही. वास आला तर थांबा.

पोचल्यावर आधी चाकांना ठोकळे, मग साखळ्या सोडायच्या. जॅकखाली फळी. बाकी जेवण झाल्यावर बघू.

परतीला सगळं हेच. मध्ये पंक्चर झालं, चाक काढलं, तर मैल पुन्हा शून्यापासून मोजा.