बडोद्यात साय-फाय रॉमकॉम करायचीय? पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी थोडं

बजेट नाही म्हणून साय-फाय नको असं म्हणणारी खूप मुलं भेटतात. आमच्या बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्समधून नाटक शिकलेली, मराठी-गुजराती दोन्ही फाडफाड बोलणारी मंडळी आहेत तरी सगळे भुताचीच शॉर्ट फिल्म करतात. आम्ही मित्रांनी दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात साय-फाय रॉमकॉम, म्हणजे विज्ञानकल्पनेवरची हलकीफुलकी प्रेमकथा, केली, आणि मला मनापासून वाटतं हा प्रकार कमी पैशावाल्यांसाठीच आहे.

आधी विज्ञानाचा नियम एका वाक्यात लिहा. आमचा नियम असा होता: आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर त्याच खोलीतलं दहा मिनिटांनंतरचं बोलणं ऐकू येतं. बस. आता हीरो प्रपोज करणारे हे हिरॉईनला आधीच कळलंय, आपण काय उत्तर देणार तेही तिने ऐकलंय पण नेमका तेव्हाच आतमध्ये मिक्सर लागला आणि हो की नाही तेच कळलं नाही! नियमाने प्रेमात खोडा घातला पाहिजे, नाहीतर मशीन नुसतं शोभेचं. २०१२ चा ‘सेफ्टी नॉट गॅरंटीड’ बघा, १९९७ मध्ये एका मासिकात छापलेल्या छोट्या जाहिरातीवरून सुचलेला, काळात मागे जायला सोबती हवाय अशी ती जाहिरात. त्याला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला पटकथेचं बक्षीस मिळालं, आणि सिनेमाभर प्रश्न एवढाच की या माणसावर विश्वास ठेवायचा का.

आता आवाज, इथे पैसे आणि वेळ दोन्ही घाला. रेडिओवर जे आधी ऐकू येतं तो सीन आधी शूट करा, म्हणजे त्याच टेकचा ऑडिओ आधीच्या सीनमध्ये वाजवता येतो आणि ॲक्टर खरंच ऐकून रिॲक्ट करतात, नुसतं ऐकल्याचं सोंग करावं लागत नाही, फरक पडद्यावर लगेच दिसतो. एडिटमध्ये रेडिओवरच्या आवाजातलं साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३००० च्या वरचं कापलं की जुन्या ट्रान्झिस्टरसारखं वाटतं. एडिटमध्ये डायलॉगमधल्या मोकळ्या जागा भरायला प्रत्येक खोलीची शांतता अर्धा मिनिट तरी वेगळी रेकॉर्ड करा, पंखा बंद, फ्रीज बंद (फ्रीज परत चालू करायची जबाबदारी एकाला नावानिशी द्या, घर कोणाचं तरी असतं).

कॅमेऱ्याचं एकच सांगतो, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, चित्रात पट्ट्या येणार नाहीत.

उत्तरायणाला, १४ जानेवारीला, गच्चीवर नक्की शूट करा. पतंगांनी भरलेलं आकाश फुकटात मिळतं. पण गच्चीगच्चीवर स्पीकर असतात, तेव्हा डायलॉग ठेवू नका, नुसती नजरानजर ठेवा.

कॉमेडीत दोघांना एकाच फ्रेममध्ये राहू द्या, सारखे क्लोजअप कापलेत तर त्यांच्यातली गडबड दिसतच नाही.

थिएटरमध्ये लावायची तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, यूट्यूबला नाही. त्याआधी ओळखीच्या नसलेल्या लोकांना दाखवा आणि मागे बसून ऐका, कुठे हसतात आणि त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडतंय का, बुडत असेल तर तिथे एडिटमध्ये जरा जागा सोडा.