चौलच्या वाडीवर जाताना काय भरायचं आणि काय घरीच ठेवायचं

गणपती झाले की पुढच्या रविवारी आपली झाडवाली मंडळी रोपांच्या देवाणघेवाणीला अलिबागजवळ चौलला काकांच्या वाडीवर जमतोय, पितृपक्षात कुणाकडे पूजा नाही बारसं नाही त्यामुळे बहुतेक सगळे मोकळे असतात (ज्यांच्याकडे त्याच दिवशी तिथी आहे त्यांनी प्लीज आत्ताच सांगा), तर तयारीचं सगळं एकदाच लिहून टाकते म्हणजे आदल्या रात्री अकराला "ताई, खुरपं आणू का" असे मेसेज नकोत.

सुरुवात पंधरा दिवस आधी करायची, बॅग भरण्यापासून नाही तर झाडांपासून. देवाणघेवाणीला जे काही नेणार असाल ते आत्ताच बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा आणि रोज पानं उलटी करून बघा. गेल्या वर्षी मी हौसेने माझ्या जास्वंदीची रोपं नेली, पानांच्या बगलेत कापसासारखं काहीतरी पांढरं होतं ते दिसलं पण म्हटलं धूळ असेल, आणि महिन्याभरात काकांच्या क्रोटनवर पिठ्या ढेकूण. काका काही बोलले नाहीत पण मला अजून लाज वाटते. तर खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली की समजा काहीतरी आहे, कारण पिठ्या जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात सुद्धा. लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली नीम ऑइल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी परत. तरी शंका असेल तर ते झाड घरी राहू दे, रिकाम्या हाताने या, कुणी हाकलत नाही.

माती शक्यतो आणूच नका. गोगलगायीची अंडी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे), सगळं मातीतून जातं. मुळं धुवा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी, तोंड थोडं उघडं, एका दिवसाला काही होत नाही. कटिंग असेल तर खोडावर किमान दोन डोळे (नवीन कोंब फुटतो त्या जागा) तरी असू द्या, नुसतं पान आणून "मॉन्स्टेरा आणला" म्हणू नका, त्याला मुळं फुटतील कदाचित पण झाड कधीच होणार नाही.

लेबल! मार्करची शाई उन्हापावसात उडते, पेन्सिलीचं टिकतं, म्हणून आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्याच्या पट्ट्या कापा आणि पेन्सिलीने लिहा. शक्य असेल तर शास्त्रीय नाव पण टाका, कारण आपल्याकडे वेलासारखं दिसलं की मनीप्लांट आणि मोठं पान दिसलं की कर्दळ.

काकांकडून काय मिळेल तर हेलिकोनियाचे (केळीसारख्या पानांचं फुलझाड) कंद नक्की, ते जाम माजलेत. एकदा फुललेला दांडा परत फुलत नाही, तेव्हा उंच फुलाच्या मागे न लागता शेजारचा कोवळा कोंब असलेला कंद मागा. मागा म्हणजे खरंच मागा, स्वतः तोडू नका. आणि जायफळाखाली पडलेली फळं उचलायची नाहीत, ती पडलेली दिसली तरी फुकट नाहीत, काकूंचा वर्षाचा हिशोब असतो त्यात. स्वतःची कात्री आणा, सोबत स्पिरिट आणि कापूस, प्रत्येक झाडानंतर पातं पुसायचं नाहीतर व्हायरस आपणच वाटत फिरतो. एक स्वच्छ धुतलेली सिमेंटची गोण पण असू द्या, हेलिकोनियाला पिशवी पुरत नाही.

कपडे फुल पँट, फुल बाह्या, ओडोमॉस. चप्पल अजिबात नको, जांभ्याच्या पायऱ्यांवर या दिवसात असं शेवाळ असतं की माणूस थेट विहिरीपर्यंत घसरत जाईल. पालापाचोळ्यात हात घालू नका, फुरसं तिथेच पडलेलं असतं आणि दिसत नाही. पोरं आणणार असाल तर डिफेनबाकियापासून (ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं शोभेचं झाड) लांब, चुकून पान चावलं तर तोंड सुजतं. मोबाईल, कॅमेरा एसी गाडीतून एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा. आणि गाडी माडाखाली लावायची नाही, सावली कितीही छान असली तरी, नारळ विचारून पडत नाही.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घ्यावी, गाडीसकट जाता येतं, तिकीट आधी काढा कारण रविवार आहे. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, सुरू झाल्यात का ते बघून मगच तिकडे जा. पुणेकर खोपोली-पेण करत येतील, वडखळला अडकायचं गृहीत धरूनच निघा. नऊला पोचलात तर बरं, अकरानंतर वाडीत घामाने काही सुचत नाही.

जेवण काकूंकडे आहे, वालाचं बिरडं, भात, सोलकढी. पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) मिळेल का असं दोघांनी विचारलंय, अहो ती थंडीत, वालाच्या शेंगा आल्यावर. पाण्याची बाटली प्रत्येकाने आपली, ताटं नकोत, विरीच्या (सुपारीच्या झावळीच्या) पत्रावळ्या आहेत. येणाऱ्यांनी बुधवारपर्यंत नावं द्या, पातोळ्यांसाठी हळदीची पानं किती काढायची ते काकूंना कळायला हवं.