टायरच्या वजनांपासून शिशाच्या लगडी

अमेरिकेत स्वतःपुरत्या बंदुकीच्या गोळ्या ओतणारे लोक नवे शिसे क्वचितच घेतात. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची जुनी वजने बादलीने साठलेली असतात, त्यांवरच त्यांचे भागते. स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायच्या झाल्या तर लागतो. भारतात मात्र शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, तेव्हा पुढचे सगळे तिकडच्या परसातले आहे असे समजूनच वाचावे.

भंगार वितळवून लगडी पाडणे आणि गोळ्या ओतणे ही दोन वेगळी कामे आहेत, भांडीही वेगळीच ठेवा. ओतायच्या विजेच्या भट्टीत थेट भंगार टाकले की तळाच्या तोटीत कचरा अडकतो आणि ती कायमची गळत राहते.

सगळ्यात जास्त वेळ निवडण्यात घालवा. आजच्या बादलीत शिशाबरोबर जस्ताची आणि लोखंडाची वजनेही असतात. कॅलिफोर्नियात 2010 पासून शिशाची वजने बंद आहेत, इतरही काही राज्यांत तसेच आहे, त्यामुळे तिथल्या बादलीत शिसे कमीच निघते. जस्तावर बहुधा ‘झेडएन’ (Zn) आणि लोखंडावर ‘एफई’ (Fe) ही अक्षरे असतात. अक्षरे दिसली नाहीत तर कटरने कड चावून बघा. शिशात कटर सहज रुततो, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. काँक्रीटवर टाकल्यावर शिसे ‘धप्’ वाजते, जस्त खणखणते. चिकटपट्टीची वजने जवळजवळ शुद्ध, मऊ शिशाची असतात, ती क्लिपवाल्यांत, म्हणजे चाकाच्या कडेला क्लिपने अडकवायच्या वजनांत, मिसळू नका. क्लिपवाल्यांत थोडे अँटिमनी (शिसे कडक करणारे मूलद्रव्य) असते, त्यामुळे त्यांचा कडकपणा ब्रिनेल मापावर साधारण 11-12 भरतो. शुद्ध शिशाचा 5 च्या आसपास. छपाईचे लायनोटाइप (अक्षरे ओतायचे शिशाचे मिश्रण) मिळाले तर ते सोन्यासारखे जपा. त्यात सुमारे 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असते, मिश्रण कडक करायला त्यातले थोडेसेच पुरते.

गाडीच्या बॅटऱ्यांना हात लावू नका. ॲसिडचा प्रश्न आहेच, पण त्यांच्या पट्ट्यांत कॅल्शियम, अँटिमनी आणि आर्सेनिकही असते. त्या वितळवताना वर जमणाऱ्या मळाला ओल लागली की आर्साइन आणि स्टिबाइन हे जीवघेणे वायू सुटू शकतात. चार किलो शिशासाठी हा जुगार कोणी खेळू नये.

भांडे बिडाचे किंवा जाड पोलादाचे घ्या. ॲल्युमिनियम तापले की कमजोर होते. एक लिटर शिशाचे वजन 11 किलोच्या वर जाते, म्हणजे पाच लिटरचे भांडे भरले तर 57 किलो. टर्की पक्षी तळायच्या उंच, किडकिडीत स्टँडवर ते ठेवणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण. बुटका, रुंद पायांचा प्रोपेन बर्नर घ्या आणि भांडे अर्धेच भरा. जागा उघडी, वारा आपल्या पाठीमागून, आकाश कोरडे.

कोरडे हा शब्द अक्षरशः घ्या. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला की त्याची वाफ होऊन तो सोळाशे पटींहून जास्त फुगतो आणि सगळा रस अंगावर उडतो. म्हणून भंगार थंड भांड्यातच भरा आणि मग गॅस पेटवा, ओल हळूहळू निघून जाते. वितळलेल्या रसात नवे वजन टाकायचे असेल तर आधी भांड्याच्या काठावर चांगले तापवून घ्या. शूटिंग रेंजवरून आणलेल्या वापरलेल्या गोळ्यांच्या तांब्याच्या कवचात पाणी अडकून राहते, आणि त्या ढिगाऱ्यात एखादे जिवंत काडतूसही सापडते. मूठमूठ पसरून तपासल्याशिवाय ते भांड्यात जाता कामा नये.

शिसे 327 अंशांना वितळते, जस्त 419 ला. बुडवायचा थर्मामीटर ठेवा आणि रस 350 ते 370 अंश सेल्सियसमध्येच धरा. नजरेतून सुटलेले जस्त या तापमानात न वितळता वर तरंगते, क्लिपांबरोबर झाऱ्याने काढता येते. गॅस मोठा करून घाई केली की ते वितळते, रस ओटमीलसारखा रवाळ होतो आणि पुढे साच्याचे कोपरे भरत नाहीत. क्लिपांना घाण चिकटलेली असते म्हणून त्या जळक्या वासाच्या धुरासकट वर येतात, तेव्हा वारा येतो त्या बाजूलाच उभे राहा.

क्लिपा निघाल्या की वर राखाडी थर राहतो. तो लगेच काढून फेकू नका, त्यात कथील आणि अँटिमनीचे ऑक्साइड असतात, म्हणजे ज्यासाठी ही वजने घेतली तेच फेकल्यासारखे. मूठभर पूर्ण कोरडा लाकडी भुसा टाका, धूर पेट घेऊ द्या आणि लांब दांड्याच्या लोखंडी पळीने तळापासून ढवळून भांड्याच्या भिंती खरवडा. कोळशाने ऑक्साइडचा पुन्हा धातू होतो आणि उरलेला मळ काळी पूड होऊन वर येतो. हे दोनदा करा. रस आरशासारखा चमकला की झाले. काही जण भुशाऐवजी टाकणखार वापरतात, पण तो हवेतली ओल शोषतो आणि पळीला चिकटलेला खडा पुन्हा रसात बुडवणे धोक्याचे.

लगडीसाठी बिडाचा साचा उत्तम. मफिनचे पत्र्याचे ट्रे स्वस्त पडतात, पण नव्या ट्रेवर कथिलाचा मुलामा असेल तर शिसे डाग दिल्यासारखे त्याला चिकटून बसते. आधी पाण्यात भिजवून गंज चढू द्या, मग कोरडा तापवून वापरा. प्रत्येक साचा पहिल्या ओतणीआधी तापवाच. लगड किलोभराच्या आतच ठेवा, ओतायच्या भट्टीत ती सहज मावते. वरचा भाग घट्ट झाल्यावरही दोन-तीन मिनिटे थांबा. पाण्यात टाकून थंड करायची गरज नाही, आणि भांड्याजवळ पाणी तर नकोच. थंड झाल्यावर लगेच ठसा मारा: क्लिपवाले, चिकटपट्टीचे, लायनोटाइप. महिन्याभराने सगळ्या लगडी सारख्याच दिसतात. चांगल्या बादलीतून क्लिपा आणि मळ वजा जाता साधारण 85 टक्के धातू मिळतो.

अंगावर सुती पूर्ण कपडे, चामड्याचे बूट आणि त्यांवरून पँट, चामड्याचे हातमोजे, पूर्ण चेहऱ्याची ढाल. नायलॉन अंगाला वितळून चिकटते. या तापमानात शिशाची वाफ नगण्य असते, खरा धोका मळाच्या पुडीचा. ती श्वासात आणि हाताने तोंडात जाते. मळ काढताना पी-100 (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क लावा, काम चालू असताना खाणे-पिणे-सिगारेट बंद. लहान मुले आणि गरोदर बाई आसपास नसावीत. नंतर हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, बूट घरात आणू नका. हे काम नेहमीचे असेल तर रक्तातील शिशाची तपासणी वर्षातून एकदा करून घ्या. मळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा आणि काउंटीच्या (तिकडच्या जिल्ह्याच्या) घातक कचरा केंद्रात द्या. कचऱ्याच्या पिशवीत किंवा बागेच्या मातीत तो जाता कामा नये.