वाळूत हॅमॉक स्टँड: रुतणं आणि बूड टेकणं कसं थांबलं

कोकणातल्या पुळणीवर सुरूची झाडं नसतील तिथे हॅमॉकला स्टँडच लागतो. माझ्या घडीच्या स्टँडची दोन दुखणी होती: पाय वाळूत रुतायचे आणि झोपलं की बूड जमिनीला टेकायचं.

टेकतंय म्हणून हॅमॉक स्टँडच्या हुकांना बांधणारे पट्टे ताणत जाऊ नका, सगळे नेमकं तेच करतात. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांत असला, तर 75 किलोच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर साधारण 75 किलो ताण येतो. 15 अंशांवर तोच 145. दांडे आत वाकतात, जोड ढिले होतात आणि आपण आणखी खाली. त्यापेक्षा हूक वर घ्या. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये न ताणणारी दोरी बांधा, लांबी हॅमॉकच्या 83 टक्के: 335 सेंमीला 278. मग झोळ दरवेळी सारखाच. झोपल्यावर ही दोरी दोन बोटांत थोडी वाकावी. तारेसारखी ताठ लागली तर पट्टे सैल करा.

रुतण्यावर इलाज स्वस्तातला: प्रत्येक पायाखाली 12 मिमी प्लायचा 30 बाय 30 सेंमीचा तुकडा. जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळावर) त्यालाच खालून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवायची, म्हणजे स्टँड सरकत नाही. बूड जमिनीपासून 40-45 सेंमी वर पुरे.