ग्राफव्हिझमध्ये फीडरची एकरेषीय आकृती विस्कटत असल्यास: माझा अनुभव

12.66 केव्हीच्या, 33 बसच्या (बस म्हणजे वीजवाहिन्या जिथे जोडल्या जातात तो बिंदू) प्रमाणित चाचणी-फीडरची, म्हणजे अभ्यासासाठीच्या वीज-वितरण वाहिनीची, आकृती मजकुरावरून आकृत्या काढणाऱ्या ग्राफव्हिझ या सॉफ्टवेअरच्या, पायऱ्या-पायऱ्यांनी मांडणी करणाऱ्या डॉट इंजिनाने काढताना, 33 क्रमांकाची बस चौदाव्या पायरीवर न बसता 18 क्रमांकाच्या बसखाली घसरत असे. पायऱ्यांमधले अंतर वाढवल्याने कागद तेवढा लांबला. दोन संध्याकाळी वाया गेल्याचा मनस्ताप झाला.

अडचणीचे मूळ 5 टाय-लाइनमध्ये, म्हणजे फीडरच्या दोन भागांना जोडणाऱ्या राखीव वाहिन्यांमध्ये होते: त्या एरवी उघड्या (बंद ठेवलेल्या, वीज न वाहणाऱ्या) असतात, पण पायऱ्या ठरवताना डॉट त्यांनाही धरतो. म्हणून आधी त्या वेगळ्या काढल्या, उरलेल्या 32 शाखांच्या दिशा पहिल्या बसपासून बाहेर जातील अशा लावल्या, मग टाय-लाइन 'कन्स्ट्रेंट=फॉल्स' (पायऱ्या ठरवताना धरू नये) आणि 'स्टाइल=डॅश्ड' (तुटक रेषा) देऊन परत जोडल्या आणि शेवटी 'स्प्लाइन्स=ऑर्थो' (काटकोनात वळणाऱ्या रेषा) दिले. ऑर्थोमध्ये रेषांवरची साधी लेबले नीट बसत नाहीत. तिथे 'एक्सलेबल' (रेषेबाहेर बसणारे लेबल) वापरावे.