कोकणात सायकल न्यायचीय? आधी कालनिर्णय बघा

थंडी पडली की आपल्याकडची निम्मी जनता कोकणात उतरते, सातारा-कराडवाले कुंभार्ली घाटानं गुहागरला नाहीतर दापोलीला, सांगली-मिरजवाले आंबा घाटानं गणपतीपुळ्याला, आणि हल्ली बऱ्याच गाड्यांच्या मागं सायकली पण लटकलेल्या दिसतात. भारी गोष्ट आहे. फक्त रूम बुक करताना लोक शनिवार-रविवार बघतात, तिथी कुणी बघत नाही, मग सकाळी सहाला हौसेनं बीचवर जावं तर पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ, आणि त्याच्या सहा तास पुढंमागं ओहोटी. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि ओहोटी भर दुपारी बाराला, उन्हात काय सायकल चालवणार. तेच द्वितीया असेल तर भरती दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेसात-आठला, एक नंबर! म्हणून पौर्णिमा किंवा अमावस्या झाल्यावरचे पहिले तीन-चार दिवस धरायचे. उधाणाचे दिवस असल्यानं पाणी लांब मागं जातं आणि सायकलला रुंद पट्टा मिळतो. हा हिशोब मुंबईला जास्त जुळतो, रत्नागिरीकडं भरती थोडी आधीच येते आणि रोज पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळं पोचल्यावर मोबाईलवर त्या गावाचा टाइड चार्ट बघाच. ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघून नंतरच्या तासाभरात परत यायचं. मधे खडकाचं टोक वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जात असाल तर जास्तच लक्ष ठेवा, कारण पाणी सुरुवातीला हळू येतं आणि मधल्या दोन तासांत झपाट्यानं चढतं, परतीची वाट बंद होते.

वाळूत कुठून चालवायची? ओली, गडद रंगाची, पायाचा ठसा जेमतेम उमटतो ती. पाय रुतला तर चाकही रुतणार. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत गडी कितीही साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढणारा असो, उतरून ढकलावीच लागते. हवा कमी करा, एमटीबीच्या (माउंटन बाईकच्या) रुंद टायरला रोडवर 40 पीएसआय ठेवत असाल तर इथं 25 च्या आसपास, पण रिम आपटेल इतकी पण नको नाहीतर ट्यूब चिमटून पंक्चर होते, आणि रोडवर यायच्या आधी परत भरायला हातपंप जवळ ठेवा. बारीक टायरची रोडबाईक असेल तर बीचचा नाद सोडा. गिअर हलका, पाय गोल फिरत राहिले पाहिजेत, हँडल घट्ट दाबून धरायचं नाही, वळण मोठं घ्यायचं आणि पुढचा ब्रेक जपून. ओढा समुद्राला मिळतो तिथली वाळू वरून सपाट दिसते पण आत पोकळ असते, तिथं उतरून चालत जायचं. होड्यांचे दोर आणि जाळी पण वाळूत अर्धी गाडलेली असतात, चाकात गुंतली की थेट तोंडावर.

दुपारनंतर वारा वायव्येकडून समुद्रावरनं येतो. गुहागरसारखा लांब उत्तर-दक्षिण किनारा असेल तर आधी उत्तरेकडं जा, दमल्यावर परतताना वारा पाठीवर मिळतो. आणि घामाचं काय, आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो, तिथं वाळतच नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी, मधेच मीठ घातलेलं कोकम सरबत.

रोडचा विषय वेगळा. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर पाय बनलेल्यांनी नकाशावरचे आठ किलोमीटर बघून फसू नये, दोन गावांमधे डोंगराचं टोक असतं आणि चढ एकदम उभा. उतारावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, आंधळ्या वळणावर अचानक एसटी येते, हॉर्न ऐकू यायला पाहिजे म्हणून कानात इअरफोन नको. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत सायकल घेऊन खाडी पार करायची मजा मात्र चुकवू नका, दापोलीकडून गुहागरकडं जायला सगळ्यात सुंदर रस्ता तोच.

भाड्याची सायकल घेणार असाल तर ब्रेकचा लिव्हर दाबून सोडा. खाऱ्या हवेनं केबल आतून गंजलेली असते, लिव्हर दाबला जातो पण परत बाहेर येत नाही, अशी सायकल पोरांच्या हातात अजिबात देऊ नका. हेल्मेट घरूनच न्या.

अंधार पडल्यावर बीचवर नको. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात, प्रकाश दिसला की बुजतात. अंड्यांसाठी कुंपण घातलेल्या जागेजवळनं तर दिवसाही चालवायची नाही.

आता लाटेतनं पाणी उडवत सायकल पळवायचा तो फोटो. एका रीलसाठी चाकाच्या मधोमधच्या हबमधलं आणि पेडलच्या एक्सलमधलं बेअरिंग घालवायचं असेल तर खुशाल काढा. नुसत्या ओल्या वाळूवर चालवली तरी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवायचीच, बादली आणि तांब्या घेऊन वरून हळू पाणी सोडायचं, सर्व्हिसिंगवाल्यासारखा प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारायचा नाही कारण मीठ आणखी आत जातं. चेन जुन्या बनियननं कोरडी करा, पेडल उलटं फिरवत एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून टाका, नाहीतर कॅरियरवर लावून घाट चढेपर्यंत सगळी धूळ तिथंच चिकटलेली असते.