सोइंग बी बघताय ना, मग सोबत शिवाही: मैत्रिणी जमवून घरी तीन राउंड कसे करायचे

शिवणाची आवड असलेल्या चारचौघी एकत्र आल्या (पुरुषही भरपूर आहेत आणि मस्त शिवतात) की सोइंग बी या ब्रिटिश टीव्ही शिवणस्पर्धेचा विषय निघतोच. कोण बाहेर गेलं, गारमेंट ऑफ द वीक (त्या एपिसोडमधला सर्वोत्तम कपडा) खरं कोणाला मिळायला हवं होतं, परीक्षक पॅट्रिक उगाच कडक बोलला का, दुसऱ्या परीक्षक एझ्मीने ती कॉलर एवढी जवळून का बघितली. मला या गप्पा मनापासून आवडतात. पण त्यातून आपलं शिवणही सुधारायचं असेल तर एपिसोड कसा बघायचा आणि नंतर मशीनवर काय करायचं हे थोडं ठरवून करायला लागतं, आणि ते ज्यांनी नुकतंच मशीन घेतलंय त्यांनाही जमतं.

ज्यांनी एकही एपिसोड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी हा बीबीसीचा कार्यक्रम, एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या सीझनला फक्त ४ एपिसोड होते. सूत्रसंचालक क्लॉडिया विंकलमन, परीक्षक लंडनच्या ‘सॅव्हिल रो’ या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावरच्या नॉर्टन अँड सन्सचे पॅट्रिक ग्रांट आणि शिवण शिकवणाऱ्या मे मार्टिन. २०१६ ला मे यांच्या जागी एझ्मी यंग आल्या, मग मध्ये मोठी गॅप पडली आणि २०१९ ला सूत्रसंचालक जो लायसेटला घेऊन शो परत आला, २०२२ ला सारा पॅस्को सूत्रसंचालक झाल्या. स्पर्धक सगळे हौशी, घरी शिवणारे. पहिला सीझन जिंकल्या त्या ॲन राऊली, वय ८१, आणि त्यांचं काम इतकं स्वच्छ होतं की अजूनही कोणी जुने एपिसोड बघायला घेतले की मी आधी त्यांची शिलाई बघायला सांगते.

प्रत्येक एपिसोडमध्ये तीन राउंड असतात. पहिल्यात सगळ्यांना एकच पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना), दुसऱ्यात जुने कपडे किंवा भलत्याच वस्तूंतून नवीन कपडा, तिसऱ्यात मॉडेलच्या मापाचा कपडा. हे तीन राउंड तीन वेगवेगळी कौशल्यं तपासतात, म्हणून घरी करताना तिन्हींना एकच घड्याळ लावायचं नाही. पहिला राउंड घड्याळाशिवाय, दुसरा कडक वेळ लावून आणि तिसरा दोन बैठकांमध्ये. टीव्हीला सगळीकडे घाई लागते कारण त्यात मजा आहे, शिकणाऱ्याला ती फक्त दुसऱ्या राउंडमध्येच उपयोगी पडते.

आधी एपिसोड नीट बघा

पहिल्यांदा बघताना मस्त मजा घ्या, वही बिही काही नको. दुसऱ्यांदा फक्त परीक्षणाचा भाग बघा आणि तिथे पॉज करत करत बघा. परीक्षक कुठे हात लावतात ते बघायचं: बाजूच्या शिलाईवर पट्टे किंवा चौकडी जुळल्यात का, हेम (खालची दुमडलेली कड) सरळ आहे का, चेन सपाट बसलीय का, बाही मुंढ्यात (बाही जोडतात त्या गोल कापात) गुळगुळीत चढलीय का, आतून कडा कशा संपवल्यात. मग वहीत प्रत्येक कपड्याचा एक दोष आणि शेजारी त्याचं कारण लिहायचं, कारण आपलं आपण शोधायचं. गळ्याची पट्टी बाहेर उलटतेय, तर आतल्या पट्टीला मायेवर (टिपेबाहेर सोडलेल्या कापडावर) धरून टीप मारलेली नाही. हेम मध्येच लोंबतंय, तर उरेब (धाग्यांना तिरपं) कापलेलं कापड टांगून ठेवलं नव्हतं. पॅंटची शिलाई पायाभोवती फिरत पुढे आलीय, तर कापड उभ्या धाग्यावर बेतलं गेलेलं नाही. असे पाचसहा एपिसोड केले की लक्षात येतं की बरेचसे दोष मशीनवर बसायच्या आधीच, कापताना नाहीतर इस्त्री टाळल्याने झालेले असतात.

पहिला राउंड: सगळ्यांना एकच पॅटर्न

तीन ते पाच जणी पुरे. त्याहून जास्त झाल्या की इस्त्रीसाठी रांग लागते. पॅटर्न सोपा घ्या पण त्यात एक तरी अवघड जागा असू दे, म्हणजे बाही असलेला साधा टॉप किंवा चेन असलेला स्कर्ट. कापड सगळ्यांनी सारख्या प्रकारचं घ्यायचं, मध्यम जाडीचं कॉटन सगळ्यात समजूतदार असतं, आणि ते आधी धुवून वाळवून इस्त्री करून ठेवायचं. मशीनला नवीन सुई लावा. पातळ कापडाला ७० नंबरची, मध्यमला ८० किंवा ९०, जीन्ससारख्या जाडला १००. बोथट सुईने टाके सुटतात आणि माणूस बिचारा टेन्शनचं (धाग्याच्या ताणाचं) बटण फिरवत बसतो.

सूचना पूर्ण वाचा, शेवटपर्यंत, कात्री हातात घ्यायच्या आधी. शोमध्ये घाईत एक पायरी गाळली की पुढे सगळं उसवायला लागतं ते आपण कितीदा बघतो. माया किती धरलीय ते बघा, घरगुती शिवणाच्या पॅटर्नमध्ये बहुतेकदा १.५ सेमी असते पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं. पॅटर्नवरची उभ्या धाग्याची रेघ कापडाच्या काठापासून दोन्ही टोकांना मोजायची, दोन्हीकडे अंतर सारखं आलं पाहिजे, नुसत्या नजरेने ठेवायचं नाही. खुणा सगळ्या करायच्या, अगदी छोट्यासुद्धा.

पट्ट्यांचं किंवा चौकडीचं कापड असेल तर दुहेरी घडी घालून कापू नका, एकेरी ठेवून एक एक भाग कापा, आणि पट्टे जिथे टीप येणार त्या रेषेवर जुळवा. कापलेल्या कडेवर जुळवले तर शिवल्यावर हमखास सरकतात, कारण माया आत जाते. आणि मखमल असेल तर सगळे भाग एकाच दिशेला तोंड करून कापायचे, नाहीतर एकाच कपड्यात दोन रंग दिसतात.

आता बाही, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा असतो, बसवलेल्या बाहीत साधारण २ ते ४ सेमी, शर्टाच्या बाहीत त्याहून कमी. हा जास्तीचा भाग चुण्या न दिसता मुंढ्यात जिरवायचा असतो. त्यासाठी गोलावर पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत मायेच्या आत लांब टाक्याच्या दोन ओळी मारा, टाका ४ किंवा ५ मिमी. दोरे हलके ओढा, खांद्याची खूण खांद्याच्या शिलाईला लावा, बगलेची बगलेला, मग उरलेलं कापड बोटांनी सारखं पसरवा आणि भरपूर टाचण्या लावा. अगदी खांद्याच्या टोकावर जवळजवळ काही जिरवायचं नाही, ते दोन्ही बाजूंच्या उतारावर जिरवायचं. शिवायच्या आधी हाताने कच्चा धागा घालून घ्या, वेळ जातो पण नंतर उसवण्यापेक्षा कमीच जातो, आणि मशीनवर शिवताना बाहीची बाजू वर ठेवा म्हणजे चुणी पडतेय का ते दिसत राहतं. गोल दोनदा नीट चढवला की भीती जाते.

दिसू नये अशी चेन लावायची असेल तर आधी चेन उघडून तिचे दात कोमट इस्त्रीने सपाट करा आणि खालची शिलाई मोकळी असतानाच चेन लावा, मग खालचं बंद करा. उलट्या क्रमाने केलं की चेनच्या टोकाशी फुगा येतो.

आणि प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. आधी टीप जशी आहे तशी दाबायची, मग माया उघडायची. ही एक सवय लागली तर कपडा घरी केल्यासारखा न दिसता व्यवस्थित शिवलेला दिसतो, माझं याबाबत ठाम मत आहे.

दुसरा राउंड: जुन्यातून नवीन

शोमध्ये याला सहसा दीड तास मिळतो, तुम्हीही ९० मिनिटंच लावा. इथे घाई हवीच, कारण हा राउंड निर्णय घ्यायला शिकवतो. प्रत्येकीने घरून दोन जुने कपडे आणायचे, सगळे मधोमध ठेवायचे आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायचे, स्वतःचे स्वतःला आले तर बदलून घ्या. पहिली १० मिनिटं कात्रीला हात लावायचा नाही, कपडा डमीवर किंवा मैत्रिणीच्या अंगावर धरून उलटसुलट बघायचा.

युक्ती एकच, आयतं शिवलेलं वाया घालवू नका. शर्टाची बटणपट्टी, कफ, खालची हेम, पॅंटचा पट्टा, खिसे हे सगळं कोणीतरी आधीच मेहनतीने करून ठेवलंय, ते नवीन कपड्यात जसंच्या तसं वापरा. मोठ्या शर्टाचा स्कर्ट करायचा तर बटणपट्टी पुढे तशीच ठेवा, कॉलर आणि बाह्या काढा, वर इलास्टिक घाला, काज-बटणाचा त्रासच नाही. चादर किंवा पडद्याचा काठ असेल तर तीच हेम. जे शोमध्ये सगळं कापून चिंध्या करून मग जोडत बसतात त्यांचं शेवटी लोंबकळतं, हे पाहिलं असेलच.

परीक्षण करताना कपडे कोणी केलेत ते न सांगता ओळीने टांगा आणि गटाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला क्रम लावायला सांगा. मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून पहिला नंबर देणं टळतं.

तिसरा राउंड: मापाचा कपडा

हा राउंड मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि गटाने शिवण्याचा खरा फायदा इथेच आहे, कारण स्वतःच्या पाठीचं फिटिंग स्वतःला बघताच येत नाही. जोड्या करा, एकमेकींसाठी शिवा.

पहिल्या बैठकीत मापं आणि कच्चा नमुना. मापं घेताना मैत्रिणीने नेहमीची आतली वस्त्रं घालावीत, सरळ उभं राहावं, श्वास रोखू नये, कमरेला दोरी बांधून घ्यावी म्हणजे मागची उंची त्या दोरीपासून मोजता येते. छाती, कंबर, सीट, खांदा, पुढची आणि मागची उंची, दंड. बसत्या ड्रेसला, कापड न ताणणारं असेल तर, छातीला अंगापेक्षा साधारण ५ ते ८ सेमी आणि कमरेला अडीच ते ४ सेमी जास्त ठेवा नाहीतर बसता येणार नाही.

मग जुन्या चादरीचा नाहीतर स्वस्त कॉटनचा कच्चा नमुना लांब टाक्यांनी शिवा, उलटा न घालता सरळच घाला (आपलं अंग दोन्ही बाजूंना अगदी सारखं नसतं) आणि मग सुरकुत्या वाचा. आडव्या ताणलेल्या रेषा दिसल्या तर तिथे कापड कमी पडतंय. उभ्या सैल घड्या म्हणजे जास्त आहे. तिरप्या रेषा जिकडे बोट दाखवतात तिथे जागा हवीय, बहुतेकदा छातीच्या उंचवट्याकडे किंवा खांद्याच्या टोकाकडे. पाठीवर कमरेच्या जरा वर आडवी घडी पडत असेल तर मागची उंची जास्त झाली, ती चिमटीत धरून टाचणी लावा आणि तेवढी पॅटर्नमधून कमी करा. एका वेळी एकच बदल करायचा आणि वरून खाली यायचं, आधी खांदा, मग छाती, मग कंबर, कारण खांदा दुरुस्त केला की खालच्या अर्ध्या सुरकुत्या आपोआप जातात.

दुसऱ्या बैठकीच्या आधी नमुना उसवून बदल पॅटर्नवर उतरवा आणि खरं कापड कापा. स्कर्ट उरेब असेल तर कमरेपर्यंत शिवून एक रात्र टांगून ठेवा, कापड स्वतःच्या वजनाने खाली येतं, मग मैत्रिणीला घालायला लावून जमिनीपासून मोजून हेमची खूण करा. टीव्हीवर एवढा वेळ नसतो, तुमच्याकडे आहे.

एकमेकींना सांगायचं कसं

कपडा उलटा करून आतून बघायचाच, हा नियम सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा. आणि बोलताना तीन गोष्टी सांगा: कुठे, कशामुळे, आणि पुढच्या वेळी काय. "छान झालंय" याने शिवणाऱ्याला काही मिळत नाही आणि "बाही बिघडली" यानेही नाही, "उजव्या बाहीला मागच्या खुणेजवळ दोन चुण्या आहेत, तिथे जास्त जिरवलंस, पुढे वर सरकव" याने मिळतं. जे चांगलं जमलंय तेही इतकंच नेमकं सांगा, चेन सपाट आली तर कशी लावली ते तिला सगळ्यांसमोर करून दाखवायला लावा. नवशिकी आणि अनुभवी यांना एकाच क्रमात बसवू नका, नवशिकीची तुलना तिच्याच मागच्या कपड्याशी.

एक चक्र झालं की पुढच्याला अवघडपणा थोडा वाढवा. ताणणारं कापड घ्यायचं असेल तर स्ट्रेच सुई आणि अरुंद झिगझॅग टाका, शिवताना कापड ओढायचं नाही, मशीनच्या दातांनाच पुढे नेऊ द्यायचं, आणि आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर टीप मारून ताणून बघायची, धागा तुटला तर टाका बदलायचा. सॅटिन किंवा शिफॉन घ्यायचं असेल तर खाली पातळ कागद ठेवून दोन्ही एकत्र टाचून कापा, सरकत नाही. लहान मुलांचे कपडेही घेऊन बघा, कापड कमी लागतं पण बाहीचे गोल इतके छोटे असतात की बाजूची शिलाई घालायच्या आधी, कपडा सपाट असतानाच बाही लावून घ्यावी.